न कलणाऱ्या होडीची शिडं

आमच्या होडीत चहाचा कप टेबलावर ठेवला की तो तिथेच राहतो. दुपारी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत वीस नॉटचा वारा सुटलेला असतो, शेजारून जाणाऱ्या कीलवाल्या, म्हणजे तळाशी शिशाचं वजन असलेल्या, होड्या पंचवीस-तीस अंशांत कललेल्या असतात, त्यांच्यावरची माणसं वरच्या कडेला पाय खाली सोडून बसलेली असतात, आणि आमच्याकडे पाहुणे मांडी घालून चिवडा खात असतात. पाहुण्यांना याचं फार कौतुक. माझं लक्ष मात्र त्या वेळी वाऱ्याच्या काट्यावर असतं.

कीलवाली होडी वारा वाढला की कलते. कलली की शीडही वाऱ्यासमोरून थोडं बाजूला होतं, बराचसा वारा वरून निसटून जातो, डेकवर पाणी यायला लागतं, आतली भांडी खणखणतात. शीड लहान करायची वेळ झाली हे अगदी नवख्या माणसालाही सांगावं लागत नाही. ट्रायमरानचं तसं नाही. मधे एक अरुंद मुख्य होडी, दोन्ही अंगांना तोल धरणाऱ्या दोन उलांड्या, आणि सगळी मिळून लांबीच्या निम्म्याहून जास्त रुंदी. ती जेमतेम थोडी झुकते आणि ताठ उभी राहते. वाऱ्याचा जो जोर कलण्यात जिरला असता तो सगळा दोऱ्यांवर, डोलकाठीवर आणि शिडाच्या शिवणीवर येतो. कुणी कुरकुरत नाही, कप हलत नाही, आणि शिवण मात्र ताणली जात असते. मला हे सगळं नीट कळलं ते शिडं शिवायला बसले तेव्हा.

मी मूळची वेंगुर्ल्याची. घरात रापणीचा धंदा, म्हणजे उलांडीची होडी मला नवी नाही. नवरा पुण्याचा, समुद्र त्याने सहलीतच पाहिलेला. आणि होडीचं वेड मात्र त्याला लागलं. माझ्या माहेरच्यांसाठी यातला विनोद अजून संपलेला नाही. व्हॅलेहोला, नापा नदी जिथे खाडीला मिळते त्या बाजूला, एका यार्डात कुणीतरी अर्धवट सोडून दिलेली प्लायवूडची ट्रायमरान ताडपत्रीखाली पडून होती. जिम ब्राऊन यांच्या सीरनर 31 या नकाशावर सुरू केलेली. नकाशांची गुंडाळी, ब्राऊन यांची बांधणीची वही आणि तीन सांगाडे, एवढ्या सगळ्याची किंमत आमच्या जुन्या गाडीपेक्षा कमी होती.

कॅलिफोर्नियात अशी अर्धवट ट्रायमरान सापडणं यात नवल काही नाही. परसात बांधायच्या या होड्यांची लाट इथूनच उठली. आर्थर पायव्हर नावाचा गृहस्थ मिल व्हॅलीला राहायचा. साधं प्लायवूड, सरळ रेषांचे सांगाडे, कुणाही हौशी माणसाला परसात बांधता येईल अशी होडी, हे त्याचं म्हणणं. 1960 साली त्याने स्वतः बांधलेली तीस फुटी ‘निम्बल’ अटलांटिकपार इंग्लंडला नेली आणि मग नकाशे मागवणाऱ्यांची रांग लागली. माणूस हिकमती, दावे करण्यात सढळ. 1968 मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एकटा पंचवीस फुटी ट्रायमरान घेऊन निघाला तो परत आला नाही. ब्राऊन त्याच्याच मुशीतले, पण त्यांनी पायव्हरच्या कल्पनेतल्या कच्च्या जागा हेरल्या. सीरनरला खोल उतरणारं मधलं सेंटरबोर्ड दिलं, म्हणजे ती वाऱ्याच्या तोंडावर चांगली चढते. कॉकपिट मधोमध, डोलकाठी त्याच्या अगदी पुढ्यात, आणि शिडं तीन: मागे मोठं शीड, पुढे दोन, टोकाला मोठं आणि मधे छोटं. डोलकाठी मधे सरकल्यामुळे मोठं शीड त्या मानाने लहान राहतं आणि पुढच्या दोघांवर बराच भार पडतो. दोन माणसांनी, त्यातली एक उंचीला बेताची असूनही, धाप न लागता हाताळावी अशी ही मांडणी आहे. नकाशा काढणाऱ्याने डोलकाठीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा विचार केलेला आहे, हे त्या कागदावर जागोजागी दिसतं.

प्लायवूड म्हटल्यावर भारतातून फोन सुरू झाले. आत्याने स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीला मरीन प्लायच हवा म्हणून सुताराला तीनदा परत पाठवलं होतं, पण होडी प्लायची म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. “अगं, पाण्यात फुगणार नाही का ती?” वास्तविक प्लायला समुद्राचं पाणी मारत नाही, पावसाचं मारतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी हवं असतं. डेकमधून झिरपलेला पावसाचा थेंब प्लायच्या उघड्या काठातून आत शिरतो, थरांमधे मुक्काम करतो आणि दोन वर्षांनी स्क्रू-ड्रायव्हर लोण्यात जावा तसा आत जातो. पायव्हरच्या काळातल्या कित्येक होड्या अशाच गेल्या. पॉलिएस्टर रेझिनने चिकटवलेलं फायबरग्लासचं कापड लाकडावरून सुटायचं, आणि मधल्या फटीत पाणी. मिशिगनच्या गूजन बंधूंनी इपॉक्सीत लाकूड मुरवायची रीत रुळवल्यावर परसातल्या बांधणीला खरा टिकाऊपणा आला. नवऱ्याने प्रत्येक तुकड्याच्या कडांना इपॉक्सीचे तीन-तीन हात पाजले. पाव इंची, कुठे त्याहून थोडा जाड प्लाय, डग्लस फरच्या पट्ट्या, पितळी खिळे. या सगळ्याची धूळ आमच्या केसांत, गादीत, डाळीच्या डब्यातसुद्धा. या बांधणीबद्दल त्याने स्वतः लिहावं. त्याला रस आहे आणि त्याला थांबवणारं कुणी नाही. मला शिडांबद्दल लिहायचं आहे.

आत्याला एक गोष्ट मी सांगितली नाही. 1968-69 साली जगाला एकट्याने न थांबता प्रदक्षिणा घालायची पहिली शर्यत झाली. ती पुरी केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, आणि त्यांची ‘सुहैली’ मुंबईत बांधलेली, सागवानी. शर्यतीत पायव्हरच्या ‘व्हिक्ट्रेस’ नमुन्याच्या प्लायवूडच्या दोन ट्रायमरान होत्या आणि दोन्ही पोचल्या नाहीत. आत्याने वाद जिंकल्याचं जाहीर केलं असतं.

पण त्यातली नायजेल टेटली यांची कहाणी नीट वाचली तर ती प्लायवूडपेक्षा शिडांची आहे. टेटली यांनी राहती होडीच शर्यतीत उतरवली होती. दक्षिणेचे सगळे महासागर तिने पार केले, स्वतःची जातानाची वाट ओलांडून ती परत अटलांटिकमधे आली. एकट्या माणसाने जगाभोवती फिरवलेली पहिली ट्रायमरान ती. मागून डोनाल्ड क्रोहर्स्ट झपाट्याने येतोय अशा बातम्या रेडिओवर येत होत्या. क्रोहर्स्ट प्रत्यक्षात अटलांटिक सोडून कुठेच गेला नव्हता, खोटी ठिकाणं कळवत होता. टेटली यांना ते कसं कळावं? आधीच खिळखिळ्या झालेल्या होडीवर त्यांनी शिडं चढवून ठेवली, आणि मे 1969 मध्ये अझोर्स बेटांजवळ ती फुटली. ते स्वतः वाचले. क्रोहर्स्टची रिकामी होडी जुलैमध्ये अटलांटिकमधे तरंगताना मिळाली. ज्याने टेटली यांना पळवलं तो जगाभोवती गेलाच नव्हता, हे मला अजून पचत नाही.

तर शिडं. आमची मधली होडी रंगून झाली, उलांड्या बोल्टांनी बसल्या, डोलकाठी एका मोडीत निघालेल्या होडीची मिळाली, आणि शिडांचे दर आल्यावर नवरा गप्प झाला. तीन नव्या शिडांच्या किमतीत अख्खा प्लाय पुन्हा घेता आला असता. जुनी शिडं घेऊन कापून बसवावीत असा एक विचार होता. ती मी बघितली. कापड हाताला मऊ लागत होतं. शिडाचं कापड मऊ लागलं की ते संपलं. मी म्हटलं, कापड आणि नकाशा मिळत असेल तर मी शिवते. आईच्या उषा मशीनवर मी नऊवारीपासून शाळेच्या गणवेशापर्यंत सगळं शिवलं होतं. नवऱ्याला वाटलं मी चिडून बोलते आहे.

अमेरिकेत अशी सोय आहे की शिडाची मापं कळवली की संगणकावर आकार काढून, पट्टे यंत्राने कापून, त्यांवर क्रमांक घालून गुंडाळी घरी येते. शिवायचं आपण. कापड डॅक्रॉनचं, म्हणजे आपल्याकडे एके काळी ज्याचे शर्ट मिरवले जायचे त्या टेरिलीनचंच भावंड, फक्त विणीला इतकं घट्ट आणि रेझिन पाजून इतकं कडक की दुमडलं तर पत्र्याचा आवाज करतं. त्याचं वजन औंसात मोजतात आणि इथे एक गंमत आहे. अमेरिकी शीडवाल्यांचा वार छत्तीस इंच लांब पण साडेअठ्ठावीस इंचच रुंद. त्यामुळे त्यांचं आठ औंसी कापड म्हणजे कापडदुकानातल्या हिशेबाने दहा औंसांच्या वरचं. एकतीस फुटी कीलवाल्या होडीला साडेसहा औंसी कापड पुरतं. आम्ही आठ औंसी घेतलं. कारण तेच, आमची होडी कलत नाही. कलून जो ताण सुटायचा तो सुटत नाही, तो कापडाला सोसावा लागतो.

पहिला पट्टा उलगडला आणि मला हसू आलं. मला वाटलं होतं शीड म्हणजे सपाट त्रिकोण. पट्ट्यांच्या कडा सरळ नव्हत्या. टोकाकडे किंचित निमुळत्या, पोटात किंचित फुगीर. दोन वाकड्या कडा एकमेकींना जुळवून शिवल्या की कापडाला पोट येतं. ब्लाउजला टक्स घालतो तेच हे. सपाट कापडातून गोलाई काढायची, आणि ती नेमकी कुठे यायला हवी हे आधी ठरवायचं. मोठ्या शिडाचं पोट पुढच्या कडेपासून साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर असावं लागतं. वारा वाढला की ते मागे सरकायला बघतं, कारण कापड उरेब ताणलं जातं. उभ्या-आडव्या धाग्यात ताणलं तर डॅक्रॉन जेमतेम सरकतं, उरेब ओढलं की नाइलाजाने लांबतं. म्हणून पट्टे मागच्या कडेला काटकोनात लावायचे, म्हणजे सगळ्यात मोठा ताण आडव्या धाग्यावर पडतो. शिंपिणीला हे नवं शिकवावं लागत नाही. घेरदार परकराचा घेर लोंबला की त्याचं कारण उरेबच असतं.

अडचण जागेची. मोठ्या शिडाची उभी कड आमच्या घराच्या दिवाणखान्यापेक्षा लांब. मोटारी रस्त्यावर लावून गॅरेज रिकामं केलं, तरी पुरेना. शेवटी एका शाळेचा बास्केटबॉलचा हॉल रविवारी भाड्याने मिळाला. लाकडी जमीन, पायात मोजे, आणि पांढऱ्या कापडावर आम्ही दोघं गुडघ्यांवर. प्रत्येक शिवण आधी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने जुळवायची. ही पट्टी नसती तर मी हे काम हातात घेतलं नसतं, कारण डॅक्रॉन निसरडं, टाचणीला दाद देत नाही, आणि वीस फुटांच्या शिवणीत अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर पोटाची जागा बदलते. चिकटवलेलं शीड मग गुंडाळीसारखं वळायचं, क्लिपा लावायच्या, ती वळकटी मशीनच्या हाताखालून सरकवायची. मी शिवत होते, नवरा पलीकडे उभा राहून वळकटी पेलत होता. त्याला एकच सूचना होती, ओढू नकोस, फक्त उचल. ओढलं की सुई वाकते आणि तुटते.

आईची उषा इथे कामाची नव्हती. शिडाला नागमोडी टाका लागतो. कापड ताणलं की सरळ टाक्यातला दोरा तुटतो, नागमोडी थोडा लांबतो. जड चाकाचं नागमोडी मशीन एका म्हाताऱ्या खलाशाकडून विकत घेतलं. दोरा पॉलिएस्टरचा, जाड. प्रत्येक शिवणीवर तीन ओळी. लोकांना वाटतं शीड वाऱ्याने फाटतं. बहुतेक शिडं उन्हाने उसवतात. अतिनील किरणांनी आधी दोरा मरतो, कारण तो कापडाच्या वर उघडा बसलेला असतो, आणि मग एका दुपारी अख्खी शिवण चेन उघडावी तशी सरसर जाते. पुढच्या शिडाच्या ज्या कडा गुंडाळल्यावरही बाहेर राहतात त्यांवर मी निळ्या कॅनव्हासची पट्टी शिवली. ती आधी जळते आणि आतलं कापड वाचवते. बहुतेक जण पांढरा दोरा वापरतात. मी निळा वापरला, कारण निळा टाका झिजला की दुरून दिसतो. यावरून एका शीडवाल्याने नाक मुरडलं होतं.

मशीन जिथे हरतं ते शिडाचे कोपरे. तिन्ही कोपऱ्यांवर ठिगळांवर ठिगळं, मागच्या खालच्या कोपऱ्याला दहा थर. तिथे हाताने शिवायचं. त्यासाठी चामड्याचा एक पंजा मिळतो, तळहातावर चढवायचा. अंगठ्याच्या मुळाशी त्यात खळगे पाडलेली धातूची चकती असते. सुई तिकोनी टोकाची, तिच्या तिन्ही धारा कापडात वाट करत जातात. सुईचं बूड चकतीवर टेकवायचं आणि सगळा खांदा त्यात घालायचा. सुई निम्मी पलीकडे आली की पकडीने ओढायची. मेण लावलेला दोरा भोकातून येताना चर्रर्र आवाज करतो आणि कापडाला मेणाचा पिवळट डाग लावून जातो. पितळी कडी आत ठेवून तिच्याभोवती असे टाके घालायचे, प्रत्येक टाका मागच्यापेक्षा लांबीला थोडा कमी-जास्त, सगळे एका ओळीत आले तर कापड त्या रेषेवर फाटतं. एका कोपऱ्याला एक संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी कणीक मळताना मनगट बोलायचं. पण त्या कोपऱ्यावर अख्ख्या शिडाचं वजन टांगलेलं असतं, आणि टाका घालताना बोटांना ते समजतं. मी शिवलेल्या कपड्यांत अशी एकही शिवण नव्हती जिच्यावर कुणाचा जीव अवलंबून होता.

मोठ्या शिडाला रीफच्या तीन ओळी घातल्या. रीफ म्हणजे शीड खालून आखडतं घ्यायची सोय. वरची दोरी सैल सोडायची, शीड ठरावीक उंचीपर्यंत उतरवायचं, तिथल्या कड्या बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या दांड्याला, बांधायच्या, खालचं कापड लोंबत राहतं. बऱ्याच शिडांना दोनच असतात. तिसऱ्या ओळीवर नवऱ्याचा आक्षेप होता, एवढ्या वाऱ्यात आपण बाहेर पडणारच नाही म्हणून. मी म्हटलं, बाहेर पडल्यावर वारा वाढतो.

शीड पहिल्यांदा उभं केलं तेव्हा वेंगुर्ल्याच्या काकांना व्हिडिओ कॉल लावला. काका सत्तरीपलीकडचे. काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या होड्या त्यांनी वापरलेल्या, उलांडी बांधायचं काम लहानपणापासून त्यांच्याकडेच. फोन होडीभर फिरवून झाला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गो, दोन उलांडी कित्याक? एकान भागणा नाय?” मी सांगितलं, आमचं शीड कधी या बाजूला असतं, कधी त्या. वारा ज्या बाजूला ढकलेल तिकडची उलांडी पाण्यात बसते आणि तोलून धरते. त्यांना ते पटलं नाही. एका उलांडीवर त्यांनी उभा जन्म काढलेला, वारा उलांडीकडून आला की माणूस उलांडीच्या दांड्यावर जाऊन बसतो, संपला विषय. शिडाबद्दल मात्र म्हणाले, “शीड बरां शिवलंस. पण रंग लावूक व्हयो होतो.” त्यांच्या मते पांढरं शीड डोळ्यांना त्रास देतं.

आता वाऱ्याबद्दल. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत उन्हाळ्याच्या सकाळी पान हलत नाही. आतल्या बाजूचं मोठं खोरं, सेंट्रल व्हॅली, दुपारपर्यंत तापतं, तिथली हवा वर जाते, आणि थंड प्रशांत महासागरावरची जड हवा आत यायला बघते. मधे डोंगरांची रांग. वाट एकच मोठी, गोल्डन गेट. त्या चिंचोळ्या तोंडातून ती घुसते आणि आल्कट्राझच्या अंगावर पंचवीस नॉटने आदळते. वेंगुर्ल्याला दुपारचे खारे वारे सुटतात त्यांचंच हे मोठं भावंड. त्यात ओहोटी लागलेली असली तर पाणी बाहेर धावतंय आणि वारा आत, मग लाटा आखूड आणि उभ्या होतात. उलांड्यांना जोडणाऱ्या भागाखाली त्या थापा मारतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं तळ फुटला.

म्हणून आमच्या होडीत जिन्याशेजारी एक तक्ता चिकटवलेला आहे. अठरा नॉटला पहिला रीफ आणि पुढचं मोठं शीड गुंडाळायचं. चोवीसला दुसरा रीफ. तीसला तिसरा, सोबत फक्त मधलं छोटं शीड. या आकड्यांवर चर्चा नाही. कुणाला कसं वाटतंय, हा प्रश्न विचारायचा नाही, कारण या होडीत नेहमी छानच वाटतं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. दहाचा वीस झाला तर जोर चौपट, चौदाला तो दुप्पट झालेला असतो. कलणारी होडी हे गणित अंगाने करून दाखवते, आमच्या होडीत ते काट्यावर वाचावं लागतं. एका मर्यादेपर्यंत ट्रायमरान कुठल्याही होडीपेक्षा हट्टाने उभी राहते. ती मर्यादा ओलांडली की तिला परत आणणारं काही नाही, कारण खाली शिशाची कील नाही. ती उलटली तर उलटीच राहते.

अर्थात सहसा बुडतही नाही. 1989 च्या जूनमध्ये न्यूझीलंडहून टोंगाला निघालेली ‘रोझ-नोएल’ नावाची घरी बांधलेली ट्रायमरान लाटेने उलटली, आणि चौघं जण उलट्या होडीत 119 दिवस तरंगत राहिले. पावसाचं पाणी साठवलं, मासे पकडले आणि शेवटी ग्रेट बॅरियर बेटावर लागले. किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांची प्रकृती इतकी बरी होती की लोकांना आधी ती थाप वाटली. ही गोष्ट नवरा पाहुण्यांना ट्रायमरान किती सुरक्षित आहे म्हणून सांगतो. मी ती दुसऱ्या कारणासाठी सांगते.

तक्त्याचा खरा उपयोग पाठवाऱ्यात होतो. गेल्या उन्हाळ्यात गोल्डन गेटकडून घरी परतत होतो. एंजल आयलंड मागे पडलं, वारा बरोबर पाठीमागून, ऊन छान. होडी नऊ नॉटने पळत होती आणि डेकवर वारा जाणवत होता बाराचा. नवरा रीफकडे बघून अस्वस्थ. “बारा नॉटमधे कुणी रीफ घेतो का? काढू या ना.”

“बारा नाही, एकवीस आहे,” मी म्हटलं. “नऊ आपण पळून वजा केलेत.”

“पण आपण पळतोच आहोत ना?”

तेवढ्यात त्याची टोपी उडाली. साधी निळी टोपी, पण ऑफिसातल्या सगळ्यांच्या सह्या असलेली, होडी पाण्यात घातली तेव्हा भेट मिळालेली. मागे वळणं भाग होतं. मी सुकाणू फिरवलं. पाठीचा वारा कुशीला आला, मग तोंडावर, आणि काटा बारावरून सव्वीसवर गेला. वाऱ्यात काडीचा फरक नव्हता, आम्ही फक्त त्याच्यापासून पळायचं थांबवून त्याच्याकडे निघालो होतो. बूम आत ओढताना दोरी विंचवर करकरली, वाऱ्याखालची उलांडी पाण्यात खोल बसली, तिच्या नाळेवरून पाण्याचा पातळ पडदा उडाला. एका रीफातलं मोठं शीड आणि मधलं छोटं शीड, एवढ्यावर होडी रुबाबात चढत होती. अख्खी शिडं असती तर तोच सव्वीसचा वारा मी घातलेल्या टाक्यांवर पडला असता. मी मागच्या कोपऱ्याकडे बघितलं. कडीभोवतीचे टाके सरळ ताणलेले, मेणाचे डाग तसेच. नवरा हूक घेऊन पुढे जाळीवर पालथा पडला होता. तिसऱ्या फेरीत टोपी मिळाली. शाई पुसली गेली होती. रीफ काढण्याचा विषय त्याने घरी पोचेपर्यंत काढला नाही.

हिवाळ्यात शिडं उतरवून घरी आणते. गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, प्रत्येक शिवणीवरून नख फिरवते. जिथे नखाला टाका उचलला जातो तिथे दोरा संपत आलाय. डोलकाठीच्या आडव्या दांड्यांना शीड घासतं तिथली ठिगळं दर हिवाळ्याला बदलावी लागतात. पाठवाऱ्यात मोठं शीड डोलकाठीला धरणाऱ्या तारांवर दाबलं जातं आणि तासन् तास घासत राहतं, याला इलाज नाही. हे काम मी यार्डाच्या शेडमध्ये करते, कारण आता गॅरेजमध्ये नवऱ्याने छोटी डिंगी बांधायला घेतली आहे. प्लायचीच.

परवा तिथे शेजारच्या धक्क्यावरचा एक जण येऊन उभा राहिला. चाळीस फुटी कीलवाली होडी, शीड नामांकित शीडवाल्याचं, मागची शिवण दोन हात उसवलेली. बराच वेळ माझा निळा दोरा बघत होता. मग विचारलं, माझं करून द्याल का. मी त्याचं शीड हातात घेऊन चुरगळून पाहिलं. कापड अजून कडक होतं, पत्र्यासारखं वाजलं. शिवण्यासारखं आहे म्हणाले आणि फुटाप्रमाणे दर सांगितला. त्याला जास्त वाटला. कोपरे हाताने करायचे असतील तर वेगळे पैसे पडतील, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शीड गाडीच्या टपावर बांधून घेऊन आला.